लाइट परत आली, पण अर्धं घर 'ऑफलाइन': वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणं आणि दर वेळचा तोच त्रास

मे महिन्यात दुपारी चार-साडेचारला सिंहगडाच्या बाजूनं आभाळ भरून येतं, वारा सुटतो आणि टपोरे थेंब पडायच्या आत लाइट जाते. बरं, एकदाच जाऊन थांबत नाही. जाते, दोन सेकंदांत येते, परत जाते, परत येते आणि मग अर्धा-पाऊण तास पत्ता नसतो. वळवाच्या दिवसांत पुण्यात आमच्या कर्वेनगरात हे ठरलेलंच. पण घरात स्मार्ट बल्ब, प्लग आणि सेन्सर बसवल्यापासून खरा त्रास लाइट आल्यावर सुरू व्हायचा. हॉलमधले दोन बल्ब ॲपमध्ये राखाडी, खाली 'ऑफलाइन'. आईच्या खोलीतला बल्ब कुणी न सांगता पूर्ण उजेडानं पेटलेला. गीझरचा प्लग सापडत नाही. स्पीकरला सांगावं तर तो म्हणतो, उपकरण प्रतिसाद देत नाही. आणि पॅसेजमधला दिवा, ज्याच्यासाठी मी हे सगळं सुरू केलं, तो बंदच.

आईचं वय ७४. रात्री दोनदा उठते, गुडघे दुखतात, अंधारात भिंत चाचपत बाथरूमपर्यंत जाते. पॅसेजमध्ये कुणाची चाहूल लागली की मंद दिवा लागावा, एवढीच माझी मूळ गरज होती. एका वळवानंतरच्या रात्री तिनं हाक मारली, "अगं, दिवा लागत नाहीये गं." मी उठून गेले तर ती पॅसेजच्या मधोमध भिंतीला धरून उभी होती. त्या रात्रीनंतर मी या दुखण्याच्या मुळाशी जायचं ठरवलं. जे सापडलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं घेऊन सुरुवात करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हेच येतं, आणि यातलं बरंचसं थोडक्या खर्चात कायमचं थांबवता येतं.

माझ्याकडचं सामान असं: हॉल आणि बेडरूममध्ये एका कंपनीचे चार वाय-फाय बल्ब. दुसऱ्या कंपनीचे दोन वाय-फाय प्लग, एक गीझरला, एक बाल्कनीतल्या झाडांच्या पंपाला. तिसऱ्या कंपनीचं झिगबीवर, म्हणजे वाय-फायहून वेगळ्या बिनतारी जाळ्यावर चालणारं सामान: पॅसेजचा चाहूल सेन्सर, पॅसेजचा बल्ब आणि दोन प्लग. एसीसाठी रिमोटचं काम करणारा आयआर ब्लास्टर. एक बोलका स्पीकर. आणि या सगळ्यांना एकत्र बांधणारा, होम असिस्टंट नावाचा प्रोग्रॅम चालवणारा छोटा संगणक, म्हणजे हब. तुमच्याकडे यातलं कमी-जास्त असेल, पण दुखणं सारखंच निघेल.

रीसेट करायची घाई नको

'ऑफलाइन' दिसलं की हात पहिल्यांदा जातो तो उपकरण ॲपमधून काढून नव्यानं जोडण्याकडे. मी वर्षभर तेच करत होते. दर वळवानंतर स्टुलावर चढायचं, बल्ब बंद-चालू करायचा, पासवर्ड टाकायचा, संध्याकाळ घालवायची. पण काढून परत जोडलं की बऱ्याच ॲपच्या लेखी ते वेगळं उपकरण होतं. तुम्ही जुन्याला बांधलेलं वेळापत्रक, ऑटोमेशन, आवाजानं द्यायची आज्ञा हे सगळं जुन्याशीच बांधलेलं राहतं. स्पीकरकडे 'हॉल लाइट' आणि 'हॉल लाइट २' असे दोन दिवे होतात आणि 'हॉल लाइट लाव' म्हटलं की तो नसलेल्या दिव्याला हाका मारतो. म्हणजे एक बिघाड दुरुस्त करताना दोन नवे तयार होतात.

लाइट आल्यावर आधी दहा मिनिटं कशालाही हात लावू नका. घड्याळ लावून थांबा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा सात मेलेल्या उपकरणांपैकी चार आपोआप परत आली. उरलेल्या तिघांनाच खरा आजार होता.

मग एक वही घ्या. मी आईची दुधाच्या हिशेबाची जुनी वही घेतली. तारीख, लाइट किती वेळा गेली-आली, दहा मिनिटांनंतर कोण परत आलं नाही, एवढंच लिहायचं. तीन-चार वेळा लिहिलं की पानावर आकार दिसायला लागतो. वाय-फायवरचं सगळं गेलं आणि झिगबी जिवंत असेल तर राउटरकडे बघा. एकाच कंपनीचं सगळं गेलं असेल तर त्या कंपनीचा सर्व्हर किंवा तुमचं लॉगिन. एकाच खोलीतलं गेलं तर सिग्नल. दर वेळी वेगळंच कुणीतरी जात असेल तर राउटरनं वाटलेल्या पत्त्यांची टक्कर. आणि फक्त बल्ब जात असतील, प्लग ठीक असतील, तर त्याचं कारण अगदी वेगळं आहे. ते पुढे सांगते. माझ्या वहीत यातले चार प्रकार एकाच वेळी चालू होते, म्हणूनच वर्षभर काही उलगडत नव्हतं.

राउटर: निम्मं दुखणं इथेच

लाइट आली की बल्ब दोन-तीन सेकंदांत जागा होतो आणि वाय-फायचं नाव शोधायला लागतो. त्या क्षणी फायबरचा डबा (बाहेरून येणारी इंटरनेटची वायर ज्याला जोडलेली असते तो) आणि राउटर अजून सुरूच होत असतात, त्यांना दीड-दोन मिनिटं, कधी जास्तही लागतात. बल्बला नाव सापडत नाही. काही कंपन्यांचे बल्ब चिकाटीनं शोधत राहतात. काही चार-सहा वेळा बघतात आणि गप्प बसतात. हे पडताळून बघायला सोपं आहे: राउटर पूर्ण सुरू झाल्यावर त्या बल्बचं भिंतीवरचं बटण एकदाच बंद करा, दहा सेकंद थांबा, चालू करा. बल्ब जोडला गेला तर त्यात काहीच बिघाड नाही, फक्त उठण्याचा क्रम चुकला होता.

यावरचा उपाय म्हणजे राउटरला झोपूच द्यायचं नाही. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, पुस्तकाएवढा डबा असतो. घेण्याआधी राउटर आणि फायबरचा डबा, दोन्हींच्या ॲडॅप्टरवरची अक्षरं वाचा. बहुतेकांवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण अँपिअर वेगवेगळे असतात: १, १.५, २. यूपीएसचं आउटपुट तेवढं हवं, पिन त्याच मापाची हवी, आणि डबे दोन असतील तर दोन्ही यूपीएसवर हवेत. फक्त राउटर चालू राहिला आणि फायबरचा डबा बंद पडला तर वाय-फाय दिसतं पण इंटरनेट नसतं, आणि क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरून चालणारी उपकरणं पुन्हा गोंधळतात.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागच्या किंवा पुढच्या बाजूला 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं बटण आहे का बघा. नॉर्मलवर असताना लाइटवरून बॅटरीवर जायला जो क्षणभर वेळ लागतो, तेवढ्यात काही राउटर रीस्टार्ट होतात. पंखा-दिव्याला तो क्षण कळतही नाही, राउटरला कळतो. आमचा इन्व्हर्टर बसवल्यापासून नॉर्मलवरच होता. बटण सरकवलं आणि वहीतल्या नोंदी निम्म्यावर आल्या.

दुसरी गोष्ट पत्त्यांची. राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता वाटतो, पण तो कायमचा नसतो. राउटर बंद होऊन उठला की काही स्वस्त राउटर आधी कुणाला काय दिलं होतं ते विसरतात आणि नव्यानं वाटायला लागतात. इकडे होम असिस्टंटला किंवा ॲपला प्लगचा जुना पत्ता पाठ असतो. प्लग घरातच आहे, चालू आहे, पण त्याच्या जुन्या घरात आता टीव्ही राहायला आलाय. राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' नावाची जागा असते. तिथे उपकरणाचा मॅक ॲड्रेस (त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक) निवडून त्याला एक पत्ता नेमून द्या. मी १९२.१६८.१.५० पासून पुढे एकेकाला दिला आणि वहीच्या शेवटच्या पानावर यादी केली. एका संध्याकाळचं काम आहे, पण 'दर वेळी वेगळंच उपकरण जातं' ही तक्रार त्यानंतर पुन्हा आली नाही.

तिसरी गोष्ट माझ्या लक्षात यायला सगळ्यात जास्त वेळ लागला. सोसायटीची लाइट येते तेव्हा फक्त माझा राउटर उठत नाही, पंचवीस-तीस घरांचे राउटर एकाच मिनिटात उठतात. सगळे 'ऑटो' चॅनेलवर (चॅनेल म्हणजे वाय-फायच्या लहरींची एकेक पट्टी) असतात आणि सगळे एकाच वेळी मोकळी जागा शोधतात. त्या धांदलीत आपला राउटर कधी गर्दीत जाऊन बसतो, कधी १२ किंवा १३ नंबरच्या चॅनेलवर. आपल्याकडे हे चॅनेल चालतात, पण अमेरिकेसाठी बनवलेलं फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्रॅम, असलेल्या उपकरणांना ते दिसतच नाहीत. त्यांच्या दृष्टीनं तुमचं वाय-फाय गायब झालेलं असतं. म्हणून २.४ गिगाहर्ट्झचं चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एकावर पक्कं करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. फोनवर वाय-फाय ॲनलायझरचं एखादं ॲप टाकलं की कुठे गर्दी कमी आहे ते दिसतं.

राउटरमध्ये आहातच तर आणखी दोन बटणं बघून घ्या. बहुतेक स्वस्त बल्ब आणि प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. २.४ आणि ५ दोन्हींना एकच नाव असेल तर जोडताना अडतं, म्हणून २.४ ला वेगळं नाव द्या. आणि सुरक्षा 'फक्त डब्ल्यूपीए३' वर असेल तर जुनी उपकरणं आत येत नाहीत. डब्ल्यूपीए२, किंवा दोन्ही मिळून असलेला पर्याय ठेवा.

बल्ब स्वतःच रीसेट होतो

वहीत फक्त बल्ब जात होते त्या नोंदींकडे मी बरेच दिवस बघत होते. प्लग टिकतात, बल्ब जातात. एका दुपारी मी हॉलमध्येच होते. लाइट गेली, आली, गेली, आली, असं लागोपाठ पाच वेळा झालं आणि माझ्या डोळ्यांदेखत बल्ब भराभर उघडझाप करायला लागला. ती उघडझाप ओळखीची होती. नवा बल्ब पहिल्यांदा जोडताना तो अशीच करतो. मी खोक्यातला कागद शोधून काढला. त्यावर लिहिलं होतं: रीसेट करण्यासाठी बल्ब लागोपाठ पाच वेळा बंद-चालू करा.

म्हणजे बल्बला वाटलं, घरातलं कुणीतरी त्याला पुसून टाकायला सांगतंय. त्यानं वाय-फायचं नाव, पासवर्ड, सगळं विसरून टाकलं. वळवातली वीज आणि माणसाचं बोट यात त्याला फरक करता येत नाही. अनेक कंपन्यांच्या बल्बमध्ये तीन ते पाच वेळा बंद-चालू करणं हाच रीसेटचा मार्ग असतो, कारण बल्बला दुसरं बटण कुठे लावणार? प्लगला बाजूला स्वतंत्र बटण असतं, म्हणून तो वाचतो.

ॲपमध्ये ही सोय बंद करायचा पर्याय आहे का ते आधी शोधा, काही बल्बमध्ये तो असतो. टास्मोटासारखं खुलं फर्मवेअर असलेल्या उपकरणात 'सेटऑप्शन६५' या आज्ञेनं हे बंद करता येतं. दोन्ही शक्य नसेल तर जिथे लाइट फार ये-जा करते अशा घरात वाय-फाय बल्ब घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत झालंय. साधा एलईडी बल्ब लावावा आणि हुशारी बटणामागे न्यावी. ते कसं, ते पुढे येतंच.

याच्या शेजारचीच एक गोष्ट: लाइट आल्यावर उपकरणानं कोणत्या अवस्थेत उठायचं, हे बहुतेक उपकरणांत ठरवता येतं. 'पॉवर-ऑन स्टेट' किंवा तत्सम नावाखाली तीन पर्याय असतात: चालू, बंद, आधी होतं तसं. बहुतेक बल्ब कारखान्यातून 'चालू'वर येतात. पहाटे साडेतीनला लाइट आली की आईच्या डोळ्यांवर पूर्ण उजेड पडायचा तो यामुळे. सगळे बल्ब 'आधी होतं तसं' वर ठेवा. गीझरचा प्लग मात्र 'बंद'वरच. घरात कुणी नसताना लाइट येऊन गीझर चालू राहिला, ही गोष्ट थट्टेवारी न्यायची नाही. आणि २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो, तेव्हा त्याला १६ अँपिअरचाच प्लग हवा. १० अँपिअरचा कागदावर पुरेल, पण मी आमचा तसा प्लग काढला तेव्हा पिनेजवळचं प्लॅस्टिक तांबूस पडलेलं होतं.

झिगबी: पॅसेजचा दिवा का गप्प होता

झिगबीची उपकरणं राउटरशी बोलतच नाहीत, त्यांचं वेगळं जाळं असतं. विजेवर चालणारी बहुतेक उपकरणं निरोप पुढे पोहोचवतात, बॅटरीवरची फक्त आपला निरोप देतात. आमचा पॅसेजचा सेन्सर बॅटरीवरचा. तो निरोप द्यायचा पॅसेजच्या बल्बकडे, बल्ब तो हॉलमधल्या डोंगलपर्यंत, म्हणजे संगणकाला लावलेल्या झिगबीच्या काडीपर्यंत न्यायचा. आणि आई सवयीनं पॅसेजचं भिंतीवरचं बटण बंद करायची. बल्ब गेला, त्याच्याबरोबर सेन्सरचा निरोप्याही गेला. म्हणजे वळीव तर कारण होताच, पण ज्या दिवशी वळीव नव्हता त्या दिवशीही दिवा का लागत नव्हता, ते इथे कळलं.

हॉल आणि पॅसेजच्या मध्ये, कुणाचा हात जाणार नाही अशा सॉकेटवर मी झिगबीचा एक प्लग कायमचा लावून ठेवला. त्याला काही जोडलेलं नाही, त्याचं काम फक्त निरोप पोहोचवणं. जाळं नव्या रस्त्यानं बसायला वेळ घेतं, एक दिवस थांबा, सेन्सर काढून पुन्हा जोडू नका.

झिगबीही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं, त्यामुळे वाय-फायशी धक्काबुक्की होते. वाय-फाय १ वर असेल तर झिगबी २० किंवा २५ वर ठेवा, वाय-फाय ११ वर असेल तर १५ वर. २६ टाळा, काही उपकरणं त्यावर नीट चालत नाहीत. चॅनेल बदललं की काही उपकरणं पुन्हा जोडावी लागतात, म्हणून हे सुरुवातीलाच ठरवलेलं बरं. आणि डोंगल संगणकाच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या तोंडात थेट खुपसू नका. त्या तोंडातून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो. मीटर-दीड मीटरची साधी यूएसबी २ ची एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल लांब, मोकळ्यावर ठेवा. पासोड्या विठोबाच्या आसपास बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात ही वायर मिळते. माझ्या अनुभवात एवढ्या कमी खर्चात इतका फरक दुसऱ्या कशानं पडला नाही.

तरीही हब उठायला तीन-चार मिनिटं लागतात आणि तेवढ्यात आई उठली तर? काही सेन्सर बल्बला थेट बांधता येतात, त्याला बाइंडिंग म्हणतात. मग हब झोपलेला असला तरी दिवा लागतो. माझ्या सेन्सरला ते जमत नाही. म्हणून पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचा सेन्सर असलेला, बॅटरीवरचा साधा दिवा चिकटवला. त्याला वाय-फाय नाही, ॲप नाही, काहीशे रुपयांना मिळतो. घरात म्हातारं माणूस असेल तर हा दिवा पहिल्या दिवशी लावा, बाकीचं सावकाश करा.

भिंतीवरचं बटण बंद करणाऱ्याची चूक नसते

आईला मी सहा महिने सांगत होते, बटणाला हात लावू नकोस. तिचं म्हणणं एकच, "घरात दिव्याचं बटण दाबायचं नाही, तर मग ते ठेवलंय कशाला?" तिचं बरोबर होतं. बटण दाबल्यावर दिवा लागला-विझला पाहिजे, पाहुण्यालाही, कामाच्या मावशींनाही. म्हणून स्मार्ट बल्बऐवजी बटणामागे बसणारं रिले मॉड्यूल, म्हणजे दिव्याची वीज चालू-बंद करणारी छोटी डबी. बटण पूर्वीसारखंच चालतं आणि फोनवरूनही चालतं.

अडचण येते ती न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरची. आमची इमारत १९९४ ची. इलेक्ट्रिशियननं एमसीबी पाडून पॅसेजचा बोर्ड उघडला, आत दोनच वायरी, दोन्ही फेजच्या. "ताई, यात न्यूट्रल नाही. दिव्याचा न्यूट्रल वरच्या वर गेलाय," तो म्हणाला. मग त्यानं शेजारचा, खाली प्लगची जागा असलेला बोर्ड उघडला. त्यात लाल, काळी, हिरवी, तिन्ही. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: ज्या बोर्डात प्लगचं सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतोच, कारण त्याशिवाय सॉकेट चालणार नाही. नुसती बटणं असलेल्या बोर्डात तो बहुधा नसतो. मॉड्यूल घ्यायच्या आधी घरात फिरून कुठल्या बोर्डात सॉकेट आहे ते मोजा. जुन्या घरात रंगांवर विश्वास ठेवू नका, मीटर लावून बघायला सांगा, आणि हे काम स्वतः करू नका.

न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूलही मिळतात. ती दिव्यातूनच थोडा करंट घेतात, त्यामुळे कमी वॅटचा एलईडी बंद असतानाही मिणमिणतो. त्यावर दिव्यापाशी छोटा कपॅसिटर लावावा लागतो. आणि अशी झिगबी मॉड्यूल बहुतेक वेळा निरोप पुढे पोहोचवत नाहीत. आम्ही सॉकेटच्या बोर्डातून पॅसेजपर्यंत न्यूट्रलची वायर ओढून घेतली. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून खोल बॉक्स आणला, कारण जुन्या बॉक्समध्ये मॉड्यूल बसत नव्हतं. पॅसेजचा झिगबी बल्ब काढून साधा लावला. आता आई बटण दाबते आणि मला काही सांगावं लागत नाही.

इंटरनेटची वायर काढून बघा

एका रविवारी फायबरच्या डब्यातून राउटरला येणारी वायर काढा. वाय-फाय चालू, इंटरनेट बंद. आता फोनवरून एकेक उपकरण चालवून बघा. जे चाललं ते तुमच्या घरात चालतं. जे अडलं ते कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन येतं, तुमच्या हॉलमधला दिवा लावायचा निरोप घराबाहेर फिरून येतो. माझ्या चौदा उपकरणांपैकी सहा अडली. तेव्हा खूप वाईट वाटलं.

सगळं बदलायची गरज नाही, पण नवं घेताना हे विचारून घ्या. २०१३ पासून चालत आलेलं होम असिस्टंट घरातल्या घरात चालतं आणि अनेक कंपन्यांच्या उपकरणांशी थेट बोलू शकतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर हे सामाईक मानक आलं, ज्यात वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं घरच्या नेटवर्कवरच एकमेकांशी बोलतात. मॅटरचं उपकरण जोडलं जात नसेल तर फोन गेस्ट वाय-फायवर नाही ना, आणि राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' (उपकरणांना एकमेकांशी बोलू न देणारी सेटिंग) चालू नाही ना, हे आधी बघा. आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) बंद केलेलं असेल तरी अडतं.

आयआर ब्लास्टरबद्दल एवढंच: तो एकतर्फी बोलतो, एसी चालू झाला की नाही हे त्याला कळत नाही. लाइट जाऊन आल्यावर ॲप म्हणेल चालू, खोली म्हणेल बंद. खोलीत तापमानाचा सेन्सर ठेवून त्यावरून ठरवा.

हब चालवणाऱ्या छोट्या संगणकालाही यूपीएस हवाच. माझं एक मेमरी कार्ड लिहिता लिहिता लाइट गेल्यानं खराब झालं आणि सगळी मांडणी गेली. आता एसएसडी आहे आणि दर रात्री बॅकअप दुसरीकडे जातो. रास्पबेरी पाय ४ सारख्या बोर्डावर घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते, इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत ते मागेच राहतं. पहाटे साडेपाचचा गीझर भलत्या वेळी लागला तर आधी घड्याळ बघा.

आता नव्यानं सुरुवात करणार असाल तर पैसे या क्रमानं घालवा: आधी राउटर-फायबरचा यूपीएस, मग पक्के पत्ते आणि पक्कं चॅनेल, मग एका खोलीतलं एक बटण. ते एक बटण एक अख्खा पावसाळा काढू द्या. दिवाळीच्या सेलमध्ये आठ कंपन्यांची खोकी एकदम आणू नका.

परवाच्या वळवात लाइट सहा वेळा गेली-आली. वहीत एकच नोंद आहे: बाल्कनीतल्या पंपाचा प्लग. तिथे वाय-फायचा सिग्नल उणे ८० डीबीएमच्या आसपास आहे, उणे ७० पेक्षा बरा हवा (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल बरा). मध्ये दोन भिंती आणि लोखंडी जाळीचं दार आहे. राउटर टीव्हीच्या मागून काढून पुस्तकांच्या फळीवर ठेवायचा आहे, त्यासाठी चार मीटर फायबरची वायर सांगितली आहे. तोवर झाडांना आई तांब्यानं पाणी घालते आहे.